घळीचं वावर

वाटणीत आमच्या वाट्याला घळ आली. थोरल्या दिरांकडे गावालगतचं सपाट काळं रान गेलं. आम्हाला माळाच्या पायथ्याचा चिंचोळा तुकडा मिळाला आणि त्याच्या मधोमध ही घळ. "त्याला एसटीची नोकरी हाय, त्याचं घळीवर बी भागंल," असं थोरले दीर पंचांसमोर म्हणाले. माझे मालक कंडक्टर होते. भांडण हा त्यांचा प्रांत नव्हता. त्यांनी मान हलवली, पिशवी उचलली आणि मुखेडच्या डेपोला ड्युटीवर गेले. झाली वाटणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घळ बघायला गेले. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, अंगणाबाहेर एकटीनं जाण्याची ती पहिलीच वेळ असावी. वरच्या तोंडाशी घळ एका उडीत ओलांडता यायची आणि खाली ओढ्याला मिळायची तिथे बैलगाडी फिरेल एवढी रुंद होती. दोन्ही काठ सुरीनं कापल्यासारखे उभे. वर हातभर काळी माती, खाली पिवळट चुनखडीची, तळाला मुरूम आणि गोटे. पिकायचं काही नाव नाही. शेरडं उतरायची आणि पोरं बोरं खायला यायची, एवढाच तिचा उपयोग.

पण मी तळातून वर चालत गेले तेव्हा एका वळणावर थांबले. बाभळीचं एक जुनं मूळ आडवं आलं होतं. त्याला चार-दोन धोंडे अडकले होते आणि त्या धोंड्यांच्या मागे खाटेएवढा मऊ मातीचा पट्टा साचला होता. सगळी घळ करपलेली, तेवढ्या पट्ट्यावर हिरवं गवत. बोट खुपसलं तर पेरभर खाली ओल लागली.

आमच्या मुलखात पाऊस थोडा, पण जमिनीला आकार देतं ते पाणीच. आणि देतं ते घाईघाईत. वर्षभर ऊन माती भाजून भुसभुशीत करतं. मग एखाद्या दुपारी उघड्या माळावर ढग रिकामा होतो. माळाला पाणी पिण्याइतकी सवड नसते. सगळं घरंगळत खाली येतं, आणि वाटेतली सुटी माती उचलून तासाभरात ओढ्याला पोचवतं. पुढे ती माती कुठे जाते ते कोणी बघत नाही. पाणी पळतं तोवर ओझं धरून असतं. ते जरा थबकलं की आधी गोटे टाकतं, मग वाळू आणि शेवटी गाळ. बाभळीच्या मुळानं त्याला थोडं थबकवलं होतं, इतकंच. मला ते थबकणं मोठं करायचं होतं.

हे मला कळत होतं, कारण मी दुष्काळाच्या कामावर वाढले. माझं माहेर लोह्याकडचं. मोठा दुष्काळ पडला तेव्हा मी लहान होते आणि आई गावाजवळच्या पाझर तलावाच्या कामावर जायची. बाकीच्या बायका घमेल्यानं मुरूम वाहायच्या. आईचा हात दगडावर बसलेला बघून मुकादमानं तिला पिचिंगच्या टोळीत घातलं. पिचिंग म्हणजे बांधाच्या पाण्याकडच्या अंगाला दगड बसवायचं काम. ते तिला तिथल्या वडार बायकांनी शिकवलं. लांब दगड आडवा ठेवून शोभा करायची नाही, त्याचं शेपूट आत घालायचं. खालच्या सांध्यावर वरचा सांधा येऊ द्यायचा नाही. फटीत माती भरायची नाही, चिपा ठोकायच्या. त्या चिपा, म्हणजे दगडाचे पातळ तुकडे, गोळा करून द्यायचं काम माझं. दुपारी सुकडी खायची आणि परत चिपा.

तो तलाव अजून आहे. पुढे कधीही बस तिथून गेली की आई खिडकीतून बोट दाखवायची. "ह्या बाजूचं आमच्या टोळीचं. त्या बाजूचं दुसऱ्यांचं, बघ, पोट सुटलंय." शेजारी कोण बसलंय ह्याची ती पर्वा करत नसे.

तर मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, घळीला आडवी भिंत घालायची. दगडाची, कोरडी, मधे खोलगट.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "आणि ती वाहून गेल्यावर?"

"परत घालायची."

"कोण घालणार?"

"मी, तुम्ही, आणि माझी आई."

त्यांनी एक खडा फेकला. "माझं नाव इचारून घालत जा," म्हणाल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत.

आई आली. पण एक अडचण होती. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आईबाप लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत. आई ह्या बाबतीत कडक. मग ती ओढ्यापलीकडच्या गावात तिच्या मावसबहिणीकडे उतरली. रोज सकाळी डोक्यावर तिथल्या पाण्याची कळशी आणि कमरेला भाकरीचं फडकं घेऊन ओढा ओलांडून यायची, आणि संध्याकाळी रिकामी कळशी घेऊन परत जायची. पाण्याची तेव्हा मारामार होती. दोन-तीन वर्षं पाऊस असा पडलाच नव्हता, आणि ओढ्याला पाणी कधी आलं होतं ते पोरांना सांगावं लागायचं.

त्याच सुमारास लातूर नवा जिल्हा झाला. पलीकडचं गाव त्यात गेलं, आम्ही नांदेडातच राहिलो. मधे ओढा. लोक हौसेनं ओढ्यात उभे राहून एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे टाकायचे. पलीकडच्यांना आता सगळं मिळणार, कचेऱ्या, रस्ते, आणि आपल्याला काय, अशी कुरकुर आमच्या पारावर रोज चालायची.

एके दिवशी भर उन्हात एका शेळीनं आईची कळशी लवंडली. आम्ही दगड लावत होतो. सासूबाई पाण्याची आपली मातीची केळी पुढे करून म्हणाल्या, "विहीणबाई, घोटभर घ्या. देव झोपलाय दुपारचा."

आईनं मान हलवली. टिकाव उचलला, ओढ्यात उतरली आणि पलीकडच्या काठाला अगदी चिकटून वाळूत झिरा उकरायला लागली. आम्ही दोघी बघत राहिलो. हाताच्या कोपरापर्यंत खणल्यावर वाळू काळी पडली, मग गढूळ पाणी जमलं. ते निवळू दिलं, ओंजळीनं प्याली आणि पदरानं तोंड पुसून वर आली.

"ते पाणी लातूर जिल्ह्याचं," म्हणाली. "माझ्या लेकीच्या घरचं न्हाई."

सासूबाई हसून हसून दगडावर बसल्या. नवीन जिल्ह्याचा फायदा झालेली आमच्या घरातली ती पहिली बाई. त्यानंतर तिनं कळशी आणणं बंद केलं आणि तो झिरा रोज साफ ठेवला.

कामाला आणखी दोघी आल्या. एक आमच्या गल्लीतली, पिंजारी घराण्यातली, जिच्या सासऱ्यांचा गाद्या भरायचा धंदा दुष्काळानं बसला होता, आणि एक शेजारचीच विधवा. मी त्यांना सांगितलं होतं की वावर झालं तर पहिल्या चाऱ्यात त्यांचाही वाटा. गोटे घळीतलेच होते, फक्त उचलून रांगेत आणायचे. आई पाया खणून घेताना काठाच्या आत हातभर घुसली. भिंतीची दोन्ही टोकं काठात खोचली नाहीत तर पाणी बगलेतून जातं, हे तिनं आम्हाला इतक्यांदा सांगितलं की पिंजाऱ्याची सून तिची नक्कल करायला लागली. "बगल सांभाळा गं बगल," म्हणून ती पदर खोचायची, आणि आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

भिंत गुडघ्याएवढी झाली तेव्हा थोरले दीर बघायला आले. आमच्यात धाकट्या सुनेनं थोरल्या दिराशी थेट बोलायची रीत नव्हती. समोरासमोर उभे असलो तरी मधे सासूबाई लागायच्या.

"आई, तिला इचार, घळीत वाडा बांधून राहिली का?"

मी पदर ओढला. "आत्याबाई, भावजींना सांगा, वाडा न्हाई. वावर."

"धोंड्याचं वावर? आई, हिला म्हणावं, जवारी पेरायची का गोटे?"

"सांगा, ह्या वर्षी गोटे, पुढल्या वर्षी जवारी."

सासूबाईंनी घमेलं आपटलं. "दोघांचं बी दोघांना ऐकू येतंय. मला कशाला पोष्टमन केलंय?"

तेव्हा ते हसून गेले. पण भिंत छातीला लागली तेव्हा त्यांचं हसणं गेलं. कारण खाली, घळ ओढ्याला मिळते तिथल्या सपाटीवर, त्यांची कडब्याची गंजी होती.

आता ओढ्याच्या पात्रात कडबा कोण रचतो? आमच्याकडे तेव्हा सगळे रचत होते. पाणी येत नव्हतं ना. पात्र सपाट, स्वच्छ, वारा न लागणारं, बैलांच्या झिऱ्याजवळ. आधी एकानं उन्हाळ्यात खळं केलं, मग दुसऱ्यानं. खळं केलं तिथेच कडबा राहिला. पुढे कोणी गोठा टाकला, कोणी उकिरडा. कोरड्या वर्षांत माणसं पाण्याची जागा हळूहळू आपली धरतात, आणि ती पाण्याची होती हे खरंच विसरतात. थोरल्या दिरांची बैलजोडी ह्या गंजीवर जगत होती. पोळा होऊन गेला तरी रान उजाड, दुसरा चारा कुठे मिळत नव्हता. ती गंजी गेली असती तर बैल बाजारात न्यावे लागले असते, तेही कसायाच्या दारात.

म्हणून ते चिडले, आणि त्यांचं चिडणं खोटं नव्हतं. त्यांचं म्हणणं, घळ मोकळी असली तर पाणी थोडं थोडं येईल. ही भिंत ते तुंबवणार, मग फुटणार आणि धोंड्यांसकट गंजीवर येणार. "आई, हिला सांग, चार दिसांत भिंत काढ, न्हाई तर मी पहार लावतो."

मी निरोप पाठवला की गंजी हलवा. तो ओढा आहे.

"ओढ्याला पाणी आलंय कुठं?" असा निरोप परत आला.

मालक सुट्टीवर आले तेव्हा त्यांना दोन्ही बाजू पटल्या. अशा माणसाचा ऐनवेळी काही उपयोग नसतो, तरी त्यांनी जाताना भिंतीवर उभं राहून दोन उड्या मारल्या आणि "हलत नाही" असं म्हणाले. ते मला पुरलं. पहार लागली तर पुन्हा एवढे धोंडे उचलायला त्या दोघी येणार नाहीत हे मला माहीत होतं. आईचंही वय होत चाललं होतं. ती भिंत गेली की घळ कायमची घळच राहणार होती.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही वरच्या थरावर होतो. भिंतीचा मधला भाग दोन्ही टोकांपेक्षा खाली ठेवला होता, पाणी मधूनच उतरावं म्हणून, आणि त्याच्या पायथ्याला आई मोठे मोठे सपाट धोंडे अंथरत होती. वरून पडणाऱ्या पाण्यानं पाया खणू नये म्हणून ते अंथरूण. आमच्यावर ऊन होतं. गावावर ऊन होतं. पण माळाच्या डोक्यावर पातेल्याच्या बुडासारखा ढग बसला होता आणि त्याच्याखाली पांढरा पडदा लोंबत होता.

थोरले दीर तो बघूनच धावत आले असणार. हातात पहार. मागे त्यांचे दोन सोबती.

"आई, तिला बाजूला व्हायला सांग. मधनं दोन थर पाडतो, पाण्याला वाट होऊ दे."

सासूबाई ओढ्यातल्या गंजीकडे बघत होत्या, भिंतीकडे बघत होत्या. एक लेक, एक सून. मी पदर खोचला.

"भावजी," मी म्हणाले, "पाडून वाट होणार नाही. सुटे झालेले धोंडेच खाली जातील, आणि तुमच्या गंजीवरच जातील. भिंत आहे तशी राहू द्या. आपण सगळे मिळून कडबा वर काढू."

मी बोलले हे त्यांना पचायला वेळ लागत होता, आणि तेवढा वेळ नव्हता. आईनं हातातला धोंडा शेवटच्या जागी ठेवला, पायानं दाबून बघितला आणि म्हणाली, "चला. भिंतीपाशी उभं राहून भिंत टिकत न्हाई. झालं ते झालं."

आणि ती खाली चालायला लागली. पाठीमागे वळूनसुद्धा न बघता. तिच्या मागे पिंजाऱ्याची सून, शेजारची बाई, मी, सासूबाई. आम्ही पाच बायका गंजीवर तुटून पडलो आणि पेंढ्या काठावर फेकायला लागलो. थोरल्या दिरांनी पहार टाकली आणि सोबत्यांना घेऊन ते गंजीवर चढले. वरून ते पेंढ्या लोटत होते, खाली आम्ही झेलत होतो, काठावर सासूबाई रचत होत्या. कडबा हातांना चरचर कापत होता. आई मधूनच ओरडायची, "फेक की, देवळात फुलं वाहून राहिला का?" आणि थोरले दीर मुकाट जोरानं फेकायचे.

आधी वास आला. भिजलेल्या मातीचा नाही, कुजका, पाचोळ्याचा आणि लेंड्यांचा. मग खडखड, जशी रिकामी गाडी फरशीवरून जावी. पाणी दिसण्याआधी तो आवाज घळीतून खाली आला.

आम्ही काठावर चढलो आणि वर बघितलं. घळीच्या वळणावरून जे आलं ते पाण्यासारखं नव्हतं. तपकिरी, जाड, पुढच्या कडेला काटक्या, लेंड्या, एक फुटकी चप्पल, सगळं लोटत येणारं. ते भिंतीला लागलं. भिंतीनं ते धरलं. मागे पाणी चढत गेलं, फटींतून सगळीकडून पिचकाऱ्या सुटल्या, तशा त्या सुटायलाच हव्यात, आणि मग ते मधल्या खोलगट भागावरून खाली उतरलं. आईनं अंथरलेल्या धोंड्यांवर आपटलं, फेसाळलं, आणि पसरट होऊन आमच्या पायांखालून ओढ्यात गेलं. घोट्याएवढं. मी दोन्ही टोकांकडे बघत होते. बगलेतून काही आलं नाही.

"बगल सांभाळली गं," पिंजाऱ्याची सून हळूच म्हणाली. ह्यावेळी तिनं नक्कल केली नव्हती.

गंजीचा खालचा थर अजून पात्रातच होता. थोरले दीर तो आणायला उतरायला निघाले तेव्हा आईनं त्यांचा सदरा धरला. तिला पलीकडून काही ऐकू आलं होतं. ओढा आला. आमच्या घळीचं पाणी त्यापुढे काहीच नव्हतं. वर अहमदपूरच्या बाजूला कुठे किती कोसळलं होतं कोण जाणे, दोन्ही काठांना टेकलेलं पाणी वळणावरून उभं आलं आणि गंजीचं उरलेलं बूड, खळ्याचा खांब, कोणाचा तरी गोठा आणि आईचा झिरा, सगळं एका दमात घेऊन गेलं. घळ मोकळी असती तरी ते असंच गेलं असतं. काठावर रचलेल्या कडब्यापुढे थोरले दीर कमरेवर हात ठेवून उभे होते. बैलांना पुरेल इतका तो होता.

पाणी ओसरल्यावर ओढ्यानं जागा बदललेली दिसली. पात्र पलीकडे सरकलं होतं, लातूरच्या बाजूचा काठ खाऊन आमच्या बाजूला वाळूचा नवा पट्टा घालून गेलं होतं. पारावर दोन दिवस वाद चालला की आता जिल्ह्याची हद्द कुठली. मी त्या वादात गेले नाही. मला घळीत काम होतं.

भिंतीच्या मागे गाळ बसला होता. काठापासून काठापर्यंत, भिंतीपासून पार बाभळीच्या वळणापर्यंत, सपाट, ओला, लोण्यासारखा. मी आत पाय टाकला तर गुडघ्यापर्यंत गेले आणि आईनं मला हात धरून ओढून काढलं. ऊन पडल्यावर त्याला भेगा गेल्या आणि वरचे पापुद्रे पापडासारखे वळले. त्यांच्याखाली हात घातला की गार लागायचं. शेजारची विधवा रोज येऊन हात घालून बघायची आणि जायची.

आईनं भिंत तपासली. दोन चिपा निघाल्या होत्या. तिनं त्या परत ठोकल्या, हात झटकले आणि मला म्हणाली, "आता तुझं तू बघ. दर साली गाळ भरंल तसा थर वाढवायचा. आळस केलास तर पाणी वरनं उडी मारून पाया खाईल." त्याच आठवड्यात ती लोह्याला परत गेली. तिच्यासारखी भिंत लावणारी बाई मी नंतर पाहिली नाही. मीसुद्धा तशी लावत नाही, पण जवळपास जाते.

आमच्याकडे बैल नव्हते. गाळ पाय धरण्याइतका घट्ट झाला त्या सकाळी मी कुदळीनं खणून पेरायचं ठरवलं होतं. मी घळीत पोचले तर थोरले दीर आधीच आलेले. भिंतीची बगल सोडून, वरच्या अंगाला त्यांनी काठ उतरता करून घेतला होता आणि बैल आत घातले होते. औत वरच्या वळणापर्यंत गेलं, वळलं, भिंतीपर्यंत आलं, परत वळलं. फाळाला काळी ओली माती चिकटून येत होती.

"काय पेरायचं?" त्यांनी मला विचारलं.

"कडवळ. आधी चारा. चौघींत वाटायचाय."

"चौघींत?"

"तुमच्या बैलांचं धरून पाच वाटे."

त्यांनी औत थांबवलं, फाळाची माती काठीनं खरवडली आणि थोडा विचार केला. "वरच्या वळणाला आणखी एक भिंत बसंल," म्हणाले. "दगड मी गाडीनं आणतो. पण बगल तुम्ही बायकांनी धरायची, ते माझ्यानं होणार न्हाई."

दुपारी भाकरी खाऊन आम्ही त्या वळणावर पाया खणायला घेतला.